विश्लेषण : सहा दिवसांत पाच सामने जिंकणारे डोंगरावरचे कॉलेज अमेरिकेच्या सर्वांत श्रीमंत लीगांपैकी एकीतून बाहेर का पडले?

एमएस करायला टेक्सास ए अँड एम किंवा जॉर्जिया टेकला गेलेला एखादा मित्र तुमच्याही संपर्कात असेल. गेल्या-गेल्या पहिल्या महिन्यात त्याचा एक फोटो हमखास येतो. तो प्रयोगशाळेचा नसतो, ग्रंथालयाचाही नसतो. तो असतो स्टेडियमचा. लाखभर माणसे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून बसलेली आणि खाली मैदानात कॉलेजची मुले खेळत असलेली. कॉलेजच्या सामन्याला एवढी गर्दी, हे आपल्या डोक्यात पटकन बसत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यालाही खेळाडूंचे मित्र आणि क्रीडाशिक्षक सोडले तर फारसे कोणी फिरकत नाही.

टेक्सास, टेक्सास ए अँड एम, लुइझियाना स्टेट आणि टेनेसी या चारही विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये आज एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. या चौघांनाही 1899 साली तीन आठवड्यांच्या आत एकाच छोट्या कॉलेजने हरवले होते, आणि चौघांना मिळून त्यांच्याविरुद्ध एकही गुण करता आला नव्हता. त्या कॉलेजचे अधिकृत नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण त्याला सगळे ओळखतात ते त्याच्या गावाच्या नावाने : सवानी. आज तिथे पदवीचे जेमतेम सतराशे विद्यार्थी आहेत. मैदान तेच आहे आणि फुटबॉलही सुरू आहे. लाखभर प्रेक्षक मात्र तिथे कधीच आले नाहीत, आणि यायला हवेत असे कॉलेजलाही वाटत नाही.

हे सवानी आहे कुठे?

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल आणि चॅटनूगा या शहरांच्या मधे कंबरलँड पठार आहे. सवानी त्या पठाराच्या माथ्यावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण आपल्या लोणावळ्याएवढी. कॉलेजच्या मालकीची जमीन सुमारे 13 हजार एकर, आणि तिचा बराचसा भाग जंगल. पायथ्याच्या कॉवन गावातून डोंगर चढून येणारा एक रेल्वेफाटा होता. तो कोळशाच्या खाणींसाठी टाकलेला. लोक त्याला ‘माउंटन गोट’, म्हणजे डोंगरबकरी म्हणत. आता रूळ उखडले गेले असून त्या वाटेवर लोक चालायला आणि सायकल चालवायला जातात.

कॉलेजची स्थापना 1857 साली एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतील धर्मप्रांतांनी केली. उत्तरेकडच्या विद्यापीठांत मुलांना पाठवण्यापेक्षा आपले स्वतःचे ऑक्सफर्ड उभारावे, ही कल्पना. ती मांडणारे बिशप आणि देणगीदार बहुतेक गुलाम बाळगणाऱ्या वर्गातले होते, आणि गुलामगिरीवर उभा असलेला समाज टिकवणे हा त्या स्वप्नाचाच भाग होता. प्रमुख संस्थापकांपैकी एक बिशप लिओनिडास पोक पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने सेनापती झाले आणि 1864 मध्ये रणांगणावर मारले गेले. 1860 मध्ये बसवलेला कोनशिलेचा दगड 1863 मध्ये उत्तरेच्या सैनिकांनी सुरुंगाने उडवला. युद्ध संपले तेव्हा निधी बुडाला होता. इंग्लंडमध्ये फिरून देणग्या गोळा केल्यावर 1868 मध्ये कॉलेज एकदाचे सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थी नऊ आणि शिक्षक चार.

आजचे सवानी हा इतिहास स्वतःच उकरून काढते आहे. गुलामगिरीशी असलेले नाते तपासणारा एक संशोधन प्रकल्प तिथे चालतो. 1899 च्या संघाची गोष्ट सांगतानाही हे विसरता येत नाही. तो संघ संपूर्ण गोरा होता, आणि ज्यांना त्याने हरवले ते सगळेही.

तेव्हाचे फुटबॉल आणि आजचे, फरक काय?

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हातात धरून पळायचे, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे. पण 1899 चा खेळ आज टीव्हीवर दिसणाऱ्या खेळापेक्षा खूपच वेगळा होता. चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती परवानगी 1906 मध्ये आली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे. टचडाउनचे गुण सहा नव्हे, पाच. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग नव्हते, दोन लांबलचक डाव असत.

याचा परिणाम असा की, खेळ म्हणजे सतत रेटारेटी. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण एकमेकांत घुसायचे, ढिगाऱ्यात कोण कोणाला काय करतो ते पंचालाही दिसायचे नाही. हेल्मेट सक्तीचे नव्हते, बरेच खेळाडू उघड्या डोक्याने खेळत. आणखी एक नियम महत्त्वाचा : एकदा बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकत नसे. त्यामुळे लंगडत, रक्त पुसत खेळत राहणे ही रीतच होती. या खेळात मुले मरत होती. 1905 पर्यंत प्रकरण इतके वाढले की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले, आणि पुढच्या वर्षी नियम बदलले.

म्हणजे सहा दिवसांत पाच सामने हा आकडा वाचताना टी-ट्वेन्टीचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणू नका. आज अमेरिकेत कोणताही कॉलेज संघ आठवड्याला साधारण एकच सामना खेळतो, तोही राखीव खेळाडूंची फौज, डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असताना.

सहा दिवसांत पाच सामने ही कल्पना कोणाची?

एका विद्यार्थ्याची. नाव ल्यूक ली. तो संघाचा व्यवस्थापक होता. वय वीस.

सवानीत फुटबॉल सुरू झाले 1891 मध्ये. पहिला सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी, आणि त्यात हार. त्याच महिन्यात टेनेसी विद्यापीठाला मात्र त्यांनी हरवले. टेनेसीच्या इतिहासातला तो पहिलावहिला सामना होता. पुढे व्हँडरबिल्टशी होणारा सामना सवानीच्या हंगामातला सर्वांत मोठा सामना बनला. तिकिटांचा पैसाही त्यातूनच येई. 1899 मध्ये नेमका या पैशाच्या वाटणीवरून दोन्ही कॉलेजांचा वाद झाला आणि सामना रद्द झाला. आता हंगामाचा खर्च भागवायचा कसा?

लीने काढलेला तोडगा पूर्णपणे हिशेबी होता. डोंगरावर सामने ठेवून प्रेक्षक मिळणार नाहीत. मग मोठ्या शहरांत जाऊन खेळायचे आणि गल्ल्यातला वाटा घ्यायचा. पण एवढ्या लांब जायचे तर रेल्वेचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च वसूल होईल इतके सामने एकाच फेरीत बसवायला हवेत. म्हणून त्याने एकापाठोपाठ एक पाच सामने लावले. आज आपण या दौऱ्याकडे पराक्रम म्हणून पाहतो, पण त्याचा जन्म झाला तो तोटा भरून काढण्यासाठी. मला तरी या गोष्टीतला हा भाग सर्वांत खरा वाटतो. कॉलेज फुटबॉल आणि पैसा यांचे नाते अलीकडे बिघडले असे म्हणणाऱ्यांनी ल्यूक लीची वही आठवावी.

संघाचा प्रशिक्षक होता बिली सूटर, प्रिन्स्टनमध्ये खेळून आलेला. कर्णधार हेन्री सीबल्स. सोबत ऑर्मंड सिम्किन्स, ‘वॉर्बलर’ विल्सन, रेक्स किलपॅट्रिक, ‘वाइल्ड बिल’ क्लेबोर्न अशी नावे. दौऱ्यावर निघालेले खेळाडू एकवीस. डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून सोबत घेतले होते, कारण परगावच्या पाण्याने पोट बिघडले तर सगळेच मुसळ केरात. खेळायचे बूट मात्र मागेच राहिले आणि नंतर धावपळ करून मागवावे लागले, असे सांगतात. पाणी आठवणीने घेतले आणि बूट विसरले. कॉलेजची सहल म्हटली की ती अशीच असणार.

त्या सहा दिवसांत काय घडले?

गुरुवार, 9 नोव्हेंबर 1899. ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाविरुद्ध सामना. सवानी 12, टेक्सास 0. या सामन्यात कर्णधार सीबल्सचे डोके फुटले. तो पट्टी लावून खेळत राहिला.

रात्री गाडीत बसून संघ ह्यूस्टनला. शुक्रवारी टेक्सास ए अँड एमविरुद्ध 10-0. पुन्हा रात्रीची गाडी, या वेळी टेक्सासची हद्द ओलांडून थेट न्यू ऑर्लिन्स. ह्यूस्टनपासून साडेपाचशे किलोमीटरहून अधिक. शनिवारी तिथल्या टुलेन विद्यापीठाला 23-0.

रविवारी सामना नाही. चर्चचे कॉलेज, त्यामुळे रविवारी खेळण्याचा प्रश्नच नव्हता. दौऱ्यातली ही एकमेव सुट्टी.

सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध 34-0. आणि मंगळवारी, 14 नोव्हेंबरला, मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध 12-0. पाच सामन्यांत मिळून 91 गुण केले आणि एकही दिला नाही. संपूर्ण फेरी सुमारे अडीच हजार मैलांची, म्हणजे चार हजार किलोमीटर. मुंबई ते दिल्ली रेल्वेने जवळपास तीनदा जाण्याइतके अंतर, रोज सामना खेळून, कोळशाच्या इंजिनाच्या धुरात.

हंगामात एकूण बारा सामने झाले, बाराही जिंकले. दौऱ्याआधीच जॉर्जिया, जॉर्जिया टेक, टेनेसी आणि साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन यांना हरवून झाले होते. साउथवेस्टर्नला 54-0 असे. दौऱ्यानंतर कंबरलँडला 71-0. (हेच कंबरलँड 1916 मध्ये जॉर्जिया टेककडून 222-0 असे हरले. कॉलेज फुटबॉलमधला तो सर्वांत एकतर्फी निकाल. काही कॉलेजांच्या वाट्याला इतिहास असाही येतो.) बारा सामन्यांत सवानीचे गुण 322 आणि त्यांच्याविरुद्ध झालेले गुण फक्त 10.

ते दहाही गुण एकाच संघाने केले. 30 नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्नविरुद्ध सवानी कसाबसा 11-10 असा वाचला. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. अमेरिकेत दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला जी हाइझमन ट्रॉफी मिळते, ती याच्याच नावाने. हाइझमनने पराभवाचे खापर पंचांवर फोडले आणि तसे वर्तमानपत्रातही जाहीरपणे लिहिले. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला 5-0 असे हरवून हंगाम संपला.

यात पराक्रम किती आणि त्या काळाचा हातभार किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. कॉलेज फुटबॉल दक्षिणेत नुकतेच रुजत होते. टेक्सास काय किंवा लुइझियाना काय, त्यांचे संघ अजून बाल्यावस्थेत होते. सवानीत तेव्हा वैद्यकीय आणि कायद्याचे विभागही होते, त्यामुळे वयाने मोठी, अंगापिंडाने भरलेली मुले संघाला मिळू शकत. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ढिले होते. पण हे सगळे प्रतिस्पर्ध्यांनाही कमी-अधिक लागू होते, आणि सहा दिवसांत पाच सामने त्यांच्यापैकी कोणी खेळले नाहीत. 2012 मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमने इतिहासातला सर्वांत थोर संघ कोणता यावर ऑनलाइन कौल घेतला, त्यात 1899 च्या सवानीने अंतिम फेरीत 1961 च्या अलाबामाला मागे टाकले. ऑनलाइन मतदानाचे महत्त्व किती मानायचे हे डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्याला कोणी सांगायला नको. तरीही सतराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजने अलाबामाच्या चाहत्यांना मतांत हरवले, याची गंमत वाटतेच.

मग ल्यूक लीचे पुढे काय झाले?

हे थोडे विषयांतर आहे, पण सोडवत नाही. लीने 1907 मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘टेनेसियन’ हे वर्तमानपत्र काढले. 1911 मध्ये तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कर्नल म्हणून युरोपात लढला. युद्ध संपल्यावर, जानेवारी 1919 मध्ये, तो काही सोबत्यांना घेऊन तटस्थ हॉलंडमध्ये शिरला. आमेरोंगेनच्या गढीत आश्रयाला असलेल्या जर्मनीच्या कैसर विल्हेल्मला पळवून आणायचे, हा बेत. कैसर काही बाहेर आला नाही. गढीला सैनिकांचा वेढा पडतोय हे दिसल्यावर मंडळी परत फिरली. हाती लागली एक राखदाणी, ती सोबतच्या एकाने खिशात घातली होती. लष्कराने लीला समज देऊन सोडले. 1930 च्या दशकात एका बँकेच्या गैरव्यवहारात दोषी ठरून तो तुरुंगातही गेला आणि पुढे त्याला माफी मिळाली. वीस वर्षांच्या मुलाने आखलेल्या त्या दौऱ्यात जी बेधडक वृत्ती दिसते, ती आयुष्यभर त्याच्यासोबत राहिली, बऱ्यासाठी आणि वाईटासाठीही.

सवानी मागे का पडले?

एका रात्रीत नाही. 1909 मध्ये सवानीने पुन्हा दक्षिणेचे विजेतेपद मिळवले, व्हँडरबिल्टला 16-5 असे हरवून. त्या संघात खेळलेला फ्रँक जुहान पुढे फ्लोरिडाचा बिशप झाला. मात्र त्याच सुमारास पैशाअभावी वैद्यकीय आणि कायद्याचे विभाग बंद करावे लागले. विद्यार्थी आधीच कमी, त्यात मोठ्या वयाचे गेले. दुसरीकडे राज्य सरकारांच्या पैशावर चालणारी विद्यापीठे वाढत होती. जिथे 1899 मध्ये काही शे विद्यार्थी होते तिथे हजारो झाले. काँक्रीटची स्टेडियम उभी राहिली. रेडिओ आला.

डोंगरावर यातले काहीच वाढण्यासारखे नव्हते. जवळ मोठे शहर नाही, राज्याचे अनुदान नाही, आणि कॉलेजला लहानच राहायचे होते.

तरीही डिसेंबर 1932 मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. तेव्हाची सदर्न कॉन्फरन्स 23 सदस्यांची होऊन बेढब झाली होती. तिच्यातून फुटून 13 कॉलेजांनी नॉक्सव्हिलच्या बैठकीत नवी लीग काढली : साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजेच एसईसी. अलाबामा, ऑबर्न, फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, लुइझियाना स्टेट अशा दादा मंडळींच्या यादीत तेरा नावांपैकी एक नाव सवानीचे होते. 1894 मध्ये दक्षिणेतली पहिली क्रीडा संघटना निघाली तेव्हापासून सवानी प्रत्येक टप्प्यावर सोबत होते. जुन्या घराण्याला मान द्यावा तसा हा मान होता. प्रत्यक्ष मैदानात मात्र मानाला गुण मिळत नाहीत.

1933 ते 1940 या आठ हंगामांत सवानी एसईसीचे 37 सामने खेळले. सगळे 37 हरले. त्यांपैकी 26 सामन्यांत एकही गुण करता आला नाही. एकूण गुण 84, विरुद्ध 1,163. सरासरी काढली तर प्रत्येक सामना साधारण 31-2 असा हरलेला. क्रीडाशास्त्र नको, नुसता हा आलेख पाहिला तरी कळते की संघाचे नशीब खराब नव्हते, गटच चुकलेला होता.

त्यातच 1935 मध्ये एसईसीने खेळाडूंना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देण्याची उघड मुभा दिली. तोपर्यंत हे पैसे मागच्या दाराने दिले जात, आता पुढच्या दाराने. मोठ्या विद्यापीठांना ते परवडत होते. सवानीला खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता, आणि असता तरी तो कशावर खर्च करावा यावर तिथे एकमत नव्हते.

बाहेर पडण्याचा निर्णय कोणाचा?

1938 मध्ये अलेक्झांडर गेरी सवानीचे व्हाइस चॅन्सलर झाले. आपल्याकडच्या कुलगुरूंसारखेच हे पद, कॉलेज प्रत्यक्ष चालवणारे. शिक्षणसंस्था चालवण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांना फुटबॉलचा तिटकारा नव्हता. त्यांचे म्हणणे सरळ होते : खेळणारा हा आधी विद्यार्थी असावा, त्याला खेळण्यासाठी पैसे देऊ नयेत, आणि कॉलेजने आपल्यासारख्यांशी खेळावे. डिसेंबर 1940 मध्ये सवानीने एसईसी सोडली. सोडणारे ते पहिले कॉलेज. पुढे जॉर्जिया टेक 1964 मध्ये आणि टुलेन 1966 मध्ये बाहेर पडले, पण त्यांची कारणे वेगळी होती.

त्याआधी वर्षभर, डिसेंबर 1939 मध्ये, शिकागो विद्यापीठाने असाच मोठा निर्णय घेतला होता. पण शिकागोने फुटबॉलच बंद केले. सवानीने खेळ ठेवला आणि बाजार सोडला. माझ्या मते या दोन निर्णयांतला फरक मोठा आहे. ‘आम्हाला अभ्यास महत्त्वाचा’ असे म्हणत मैदानाला कुलूप लावणे सोपे असते. त्याची उदाहरणे आपल्याकडेही पायलीला पन्नास मिळतील. हरण्याची सवय झालेल्या संघाला मोडीत न काढता पुन्हा खेळण्याजोग्या पातळीवर आणून ठेवणे हे जास्त चिकाटीचे काम.

अर्थात एक बाजू आणखी आहे. 37 पैकी 37 हरल्यावर तत्त्व सुचणे साहजिकच, असे टीकाकार म्हणू शकतात. निदान काही सामने जिंकत असते तर गेरी यांना हा निर्णय माजी विद्यार्थ्यांच्या गळी उतरवता आला असता का? शंका आहे.

त्यानंतर फुटबॉलचे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात फुटबॉल थांबले आणि 1946 मध्ये पुन्हा सुरू झाले, शिष्यवृत्तीशिवाय. प्रतिस्पर्धी आता लहान कॉलेजे होती. 1957 मध्ये शर्ली मेजर्स प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी ते जवळच्याच हंटलँड गावात शाळेच्या संघाला शिकवत. त्यांचा मुलगा जॉनी मेजर्स 1956 च्या हाइझमन ट्रॉफीत दुसरा आला होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने 1976 मध्ये पिट्सबर्गला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि मग टेनेसी विद्यापीठाची सूत्रे घेतली. मुलगा लाखाच्या स्टेडियमपर्यंत पोहोचला, वडील मात्र 1977 पर्यंत डोंगरावरच राहिले. त्यांच्या हाताखाली सवानी 1958 आणि 1963 अशा दोन हंगामांत अपराजित राहिले. आठपैकी आठ, दोन्ही वेळा.

1962 मध्ये सवानीने सेंटर, साउथवेस्टर्न, वॉशिंग्टन अँड ली अशा समविचारी कॉलेजांबरोबर स्वतःची लीग काढली. 1973 मध्ये अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, तीन विभाग केले, त्यांत तिसरा विभाग खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्यांचा. गेरी 1940 मध्ये जे मागत होते, ते तीन दशकांनी एका पूर्ण विभागाचा नियम बनले. सवानी आज त्याच विभागात, सदर्न ॲथलेटिक असोसिएशनमध्ये खेळते. अलीकडच्या बऱ्याच हंगामांत जिंकण्यापेक्षा हरणेच जास्त आहे, हेही नोंदवायला हवे. शिष्यवृत्ती सोडली म्हणून विजय आपोआप येत नाहीत.

कॉलेजची ओळख दरम्यान दुसरीकडे सरकली. इथून निघणारे ‘सवानी रिव्ह्यू’ हे 1892 पासून अखंड चाललेले साहित्यिक त्रैमासिक आहे. नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी आपल्या लेखनाचे हक्क मृत्युपत्राने याच कॉलेजला दिले, कारण त्यांचे आजोबा इथे शिकले होते. इथले पंचवीसहून अधिक विद्यार्थी ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी अजूनही वर्गात काळा गाऊन घालून बसतात.

एसईसीत राहिले असते तर?

हिशेब सोपा आहे. 2023-24 या वर्षी एसईसीने एकूण 80 कोटी 84 लाख डॉलर वाटले. तेव्हाच्या 14 सदस्यांना प्रत्येकी सरासरी सव्वापाच कोटी डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांच्या आसपास. टीव्हीच्या हक्कांचा हा पैसा. 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्याने सदस्य 16 झाले. गंमत अशी की, 1899 मध्ये सवानीने हरवलेल्या बारांपैकी सात संघ आज एसईसीत आहेत : जॉर्जिया, टेनेसी, टेक्सास, टेक्सास ए अँड एम, लुइझियाना स्टेट, मिसिसिपी आणि ऑबर्न.

खर्चाची बाजूही तितकीच मोठी. खेळाडूंना थेट पैसे द्यायला बंदी असण्याचा काळ जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने संपला. आता मोठी विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम, म्हणजे अंदाजे पावणेदोनशे कोटी रुपये, खेळाडूंत वाटू शकतात. 1935 मध्ये शिष्यवृत्तीपासून सुरू झालेली वाट इथपर्यंत आली आहे. खेळाडूंच्या घामावर विद्यापीठांनी इतकी वर्षे कमाई केली, तेव्हा त्यांना वाटा मिळणे न्याय्यच आहे. पण त्यामुळे कॉलेज फुटबॉलमधले ‘कॉलेज’ नेमके कशासाठी उरले, हा वाद अमेरिकेत जोरात आहे, आणि त्यात सवानीचे नाव वारंवार निघते. कोणी ते शहाणपणाचे उदाहरण म्हणून काढतो, कोणी भाबडेपणाचे.

सवानीचा संघ आजही त्याच मैदानावर खेळतो, जिथे 1891 पासून फुटबॉल चालू आहे. दक्षिणेतल्या सर्वांत जुन्या मैदानांत ते मोजले जाते. हंगामातला मानाचा सामना आता व्हँडरबिल्टशी नसतो. तो असतो मेम्फिसच्या ऱ्होड्स कॉलेजशी, आणि जिंकणाऱ्याला ऑर्गिल करंडक मिळतो. हे ऱ्होड्स म्हणजे 1899 मध्ये 54-0 असे हरलेले साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन. मधल्या काळात त्यांनी गाव बदलले, नाव बदलले. सवानीशी खेळणे मात्र त्यांनी सोडलेले नाही.